नाकावरचे काळे ठिपके आणि दोन महिन्यांचा हिशेब

मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत गेली की न्हाणीघराचे दार पूर्वीपेक्षा जास्त वेळ बंद राहू लागते. आत आरशाला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन, दोन्ही तर्जन्यांच्या नखांत नाकपुडीची कड दाबून धरली जाते आणि बारीक शेवईसारखा पिवळट धागा बाहेर आल्याशिवाय बोटे सुटत नाहीत. बाहेर येताना नाक लालबुंद असते. जेवणाच्या ताटावर आजी विचारते, “हे काय करून घेतलंस?” आणि आई उत्तर देते, “तोंड नीट धूत नाही आणि बाहेरचं अरबटचरबट खातो, दुसरं काय होणार?” या एका वाक्यात दोन आरोप आहेत, पहिला साफ चुकीचा आहे आणि दुसरा बराचसा. या दोन आरोपांपायीच घरोघरी मुरमांवर चुकीचे उपाय सुरू होतात, म्हणून आधी त्वचेत नेमके काय घडते ते पाहू.

चेहऱ्यावरचे प्रत्येक रोमछिद्र म्हणजे एका अतिशय बारीक नळीचे तोंड असते. नळीच्या तळाशी केसाचे मूळ असते आणि कडेला तेल पाझरणारी एक ग्रंथी जोडलेली असते. या तैलग्रंथी कपाळ, नाक, गाल, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग या ठिकाणी जास्त व मोठ्या असतात, म्हणून मुरूमही तिथेच येतात. तळहातावर आणि तळपायावर त्या नसतातच. वयात येताना शरीरात अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात. ती मुलींमध्येही वाढतात, केवळ मुलग्यांमध्ये नाही. त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल अधिक पाझरते. त्याच सुमारास नळीच्या आतल्या भिंतीवरच्या मृत पेशी, ज्या एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर वाहून जातात, त्या एकमेकींना चिकटून राहू लागतात. चिकट पेशी आणि घट्ट तेल यांचा मिळून नळीत बूच बसतो.

हा बूच नळीच्या तोंडाशी उघडा राहिला तर त्याचा वरचा भाग हवेच्या संपर्कात येतो, त्यातील मेलॅनिन हे रंगद्रव्य आणि तेल यांचे ऑक्सिडीकरण होते आणि तो काळा दिसतो. हाच ब्लॅकहेड. चिरलेले वांगे पाण्यात न टाकता तसेच ताटात ठेवले तर थोड्या वेळाने काळपट पडते; ते वांगे कोणी मळलेले म्हणत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगही तसाच हवेने आलेला असतो, तो धूळ किंवा मळ नसतो, आणि म्हणून घासून निघत नाही. नळीचे तोंड वरून पातळ त्वचेने झाकलेले राहिले तर तोच बूच त्वचेच्या रंगाची किंवा पांढरी बारीक पुळी म्हणून दिसतो. त्याला व्हाइटहेड म्हणतात.

यापुढची पायरी म्हणजे लाल मुरूम. आपल्या सर्वांच्या त्वचेवर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू कायम वस्तीला असतो. त्याला तेल आवडते आणि हवा फारशी मानवत नाही, त्यामुळे बूच बसलेली नळी म्हणजे त्याच्यासाठी भरलेले कोठार असते. तिथे तो वाढतो, शरीर त्याच्याशी झगडू लागते, दाह होतो, नळीची भिंत फुटते आणि लाली, सूज, पू हे सगळे मागोमाग येते. भिंत खोलवर फुटली तर दुखऱ्या गाठी होतात आणि त्यांचे खड्डे मागे राहतात. हा आजार संसर्गजन्य नाही; टॉवेल किंवा उशी वाटून घेतल्याने तो भावाकडून बहिणीला लागत नाही. भावंडांच्या चेहऱ्यावर तो एकाच वयात दिसतो याचे कारण बहुतांशी आनुवंशिकता आहे. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत मुरमांच्या कमी-अधिकपणातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा आढळलेला आहे. आरशासमोरच्या मुलाला ओरडण्यापूर्वी बाबांनी स्वतःचा दहावीचा फोटो काढून पाहायला हरकत नाही.

या सगळ्यात पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती असे मला कोणी विचारले, तर मी काळाचा हिशेब सांगेन. नळीत पहिला सूक्ष्म बूच बसतो तेव्हा तो डोळ्यांना दिसत नाही. तो दिसण्याइतका मोठा व्हायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे आज गालावर उठलेल्या मुरमाची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. काल खाल्लेल्या वडापावाचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. आणि आज लावलेले औषध प्रामुख्याने पुढच्या दोन महिन्यांत दिसणारे मुरूम रोखत असते, आज दिसणारे नव्हे. कोणत्याही चांगल्या उपचाराला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात ते यामुळेच. चार दिवसांत चेहरा नितळ करणारी ट्यूब कोणी दिली तर आनंद न मानता संशय घ्यावा. त्याकडे पुढे येतोच.

नाकावरच्या ठिपक्यांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. नाकाच्या शेंड्यावर आणि कडेला एकसारख्या अंतरावर दिसणारे करडे, सपाट, बारीक ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड नसतातच. ते तैलनळीतले नेहमीचे अस्तर असते, ते तेलाला वर येण्यासाठी वाट देते आणि प्रत्येक माणसाच्या नाकात ते असते. दाबले की शेवईसारखा जो धागा निघतो तो हाच. तो काढला तरी साधारण महिनाभरात नळी पुन्हा भरते. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या बाजारात मिळतात, त्यांवर उपटून आलेले काटेरी रान पाहून मुलांना विलक्षण समाधान मिळते हे खरे, पण त्यातले बरेचसे हे अस्तर आणि बारीक लव असते. खरा ब्लॅकहेड एकटा-दुकटा, थोडा उंचावलेला आणि स्पष्ट काळा असतो. तोही नखाने काढू नये. दाबताना बुचाचा अर्धा भाग वर येतो तसा अर्धा आतही ढकलला जातो, नळीची भिंत फुटते आणि जो ठिपका निरुपद्रवी होता त्याचा लाल मुरूम होतो.

आता धुण्याबद्दल. दिवसातून दोनदा, आणि खेळून घामाघूम होऊन आल्यावर आणखी एकदा, सौम्य फेसवॉशने हाताच्या बोटांनी हलकेच चेहरा धुणे पुरेसे आहे. आंघोळीचा नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू (pH) ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे वारंवार साबण लावल्यास त्वचेचे वरचे संरक्षक आवरण दुखावते. अक्रोडाच्या कवचाचे किंवा दाणेदार स्क्रब, आणि काही घरांत अजूनही अंग घासण्यासाठी वापरला जाणारा वज्री दगड, हे मुरूम असलेल्या चेहऱ्यासाठी नाहीत. कोरडी पडून ताणलेली त्वचा म्हणजे ‘मुरूम सुकले’ असे समजण्याची चूक फार होते. ती त्वचा केवळ चिडलेली असते, आणि चिडलेल्या त्वचेला पुढची औषधे सोसत नाहीत. म्हणून तेलकट चेहऱ्यालाही पातळ, तेलविरहित मॉइश्चरायझर लावावा. त्याच्या डब्यावर ‘नॉन-कोमेडोजेनिक’, म्हणजे रोमछिद्रे न बुजवणारा, असे लिहिलेले असते.

आपल्याकडचे आणखी एक कारण म्हणजे डोक्याचे तेल. रविवारी खोबरेल तेल चोपडून रात्रभर तसेच ठेवले की ते ओघळून कपाळावर आणि उशीच्या अभ्र्यावर उतरते. केसांच्या रेषेलगत, कपाळावर आणि कानशिलांवरच एकसारख्या बारीक पुळ्या असतील, तर आधी तेलाकडे पाहावे. तेल सोडायलाच हवे असे नाही. न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे, कपाळावर येऊ देऊ नये आणि अभ्रा आठवड्यातून एकदा तरी बदलावा. कपाळावरच्या आणि छातीवरच्या पुळ्या एकाच आकाराच्या असून त्यांना खाज सुटत असेल तर त्या मुरमांऐवजी बुरशीमुळे आलेल्या असू शकतात आणि त्यांचे औषध वेगळे असते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासून, किंवा खेळाच्या सामानाचे पट्टे खांद्यावर घामात घासूनही तेवढ्याच जागी मुरूम येतात. तिथे पट्टा आणि अस्तर धुणे हाच निम्मा उपचार असतो.

घरगुती उपायांची यादी प्रत्येक घरात असते. सहाणेवर जायफळ उगाळून मुरमावर ठिपका लावणे, लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावून झोपणे, मुलतानी मातीचा लेप, हळद आणि साय. यांतल्या मुलतानी मातीने वरचे तेल काही तासांपुरते शोषले जाते; आठवड्यातून एकदा आणि पूर्ण कडक वाळण्याआधी धुतल्यास फारसे बिघडत नाही. सायीत स्निग्धांश भरपूर असतो, तो तेलकट चेहऱ्याला कशाला हवा? लिंबू मात्र स्पष्टपणे वर्ज्य समजावे, कारण त्याचा रस तीव्र आम्ल असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे उठतात. टूथपेस्टही आग करते आणि डाग मागे ठेवते. जायफळाबद्दल आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण ते डॉक्टरांच्या औषधावर आणखी एक थर म्हणून लावू नये इतके तिला सांगावे. दोन्हींची मिळून आग होते आणि दोष औषधाला लागतो.

आहाराच्या बाबतीत आरोप बराचसा चुकीचा म्हटले, पूर्ण नाही. तळलेल्या पदार्थातले तेल थेट चेहऱ्यावर पाझरते ही समजूत निराधार आहे. परंतु साखर, मैदा, शीतपेये अशा, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांनी इन्सुलिन वाढते आणि त्यातून तैलग्रंथींना चालना मिळते, याला आधार आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या ४३ मुलग्यांवर व तरुणांवर १२ आठवडे केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात साखर हळूहळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक कमी झाले. दूध आणि मुरूम यांचा संबंधही काही पाहण्यांत दिसला आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाचे दूध तेवढ्यावरून तोडणे मला योग्य वाटत नाही. व्यायामशाळेत जाणारा मुलगा व्हे प्रोटीनची भुकटी घेत असेल आणि तेव्हापासून मुरूम वाढले असतील, तर ती दोन-तीन महिने थांबवून पाहावी. आंब्याने ‘उष्णता’ होऊन मुरूम येतात असे आपल्याकडे ठामपणे मानले जाते. त्याला पुरावा नाही. मात्र आंबा तोंडाने फोडून खाताना देठाजवळचा चीक लागला तर ओठांभोवती जे पुरळ उठते, त्याला अनेकजण मुरूमच समजतात. ते चिकाने आलेले असते.

सौम्य मुरमांवर डॉक्टर सहसा दोन औषधांपासून सुरुवात करतात. पहिले बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारते आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. अडीच टक्क्यांचे जेल पाच किंवा दहा टक्क्यांच्या जेलइतकेच उपयोगी पडते आणि आग कमी करते, त्यामुळे ‘स्ट्राँग’ ट्यूब मागण्यात काही हशील नाही. त्याचा एक गुण औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही: ते कापडाचा रंग उडवते. निळ्या टॉवेलवर काही दिवसांनी फिकट नारिंगी डाग उमटतात आणि मग ब्लीच कोणी सांडले यावरून घरात चौकशी सुरू होते. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा काढून दिला की प्रश्न मिटतो.

दुसरे ॲडापॅलीन. हे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या रेटिनॉइड गटातले औषध आहे आणि नळीतल्या पेशींचे चिकटणे कमी करणे हे त्याचे काम आहे, म्हणजे ते थेट बुचावरच घाव घालते. ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड जास्त असतील तर खरे काम हेच करते. लावण्याची पद्धत चुकली की औषध वाया जाते, म्हणून ती नीट सांगतो. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा. मग वाटाण्याएवढे जेल बोटावर घ्यावे, कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके ठेवावेत आणि तिथून सगळीकडे पातळ पसरावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडावेत. फक्त दिसणाऱ्या मुरमावर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण पुढचा बूच शेजारच्या नितळ दिसणाऱ्या जागेत बसलेला असतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर होते, पापुद्रे निघतात आणि कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. बहुतेक मुले औषध सोडतात ती याच आठवड्यात, आणि आईही म्हणते, “सोसत नाही तर सोड.” मॉइश्चरायझर लावून आणि दिवस कमी करून हा टप्पा पार करावा. चेहऱ्याचा एक फोटो पहिल्या दिवशी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढून ठेवावा आणि बाराव्या आठवड्यात दुसरा. रोज आरसा पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही. सॅलिसिलिक आम्ल असलेले दोन टक्क्यांपर्यंतचे फेसवॉश किंवा लोशन तेलात विरघळून रोमछिद्रात शिरते, ते थोड्या ब्लॅकहेडना पुरेसे ठरते. पण सगळी औषधे एकाच आठवड्यात सुरू करू नयेत.

आता त्या चार दिवसांत गुण देणाऱ्या ट्यूबविषयी. माझ्या नात्यातल्या एका मुलीला दहावीच्या सुट्टीत एका दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब मिळाली. आठवड्यात मुरूम मावळले, रंगही उजळल्यासारखा वाटला आणि घरात त्या दुकानदाराचे कौतुक झाले. तिसऱ्या महिन्यात ट्यूब एक दिवस विसरली तरी गाल भाजल्यासारखे लाल होऊ लागले, उन्हात उभे राहवेना, एकाच आकाराचे बारीक लाल मुरूम दाट उठले आणि गालांवर लव वाढली. ट्यूबवर चार नावे होती, त्यात एक क्लोबेटासोल. हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून लाली लगेच जाते. पण बूच तसाच राहतो, त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि त्वचा त्या ट्यूबवर अवलंबून राहते. भारतात हा प्रकार इतका पसरला आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध वेगळी मोहीम उभारली आणि २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरीही ती मिळतात. म्हणून ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय मुलांना लावावी: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ती ट्यूब मुरमांसाठी नाही. ‘गोरेपणाच्या’ क्रीममध्ये आणि ‘खाज-खरूज-नायटा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांतही ही नावे आढळतात. अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावून झाली असेल तर ती घाबरून एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जावे, कारण बंद करण्याचीही पद्धत असते.

पू असलेले मुरूम, छाती-पाठीवर पसरलेले मुरूम, दुखऱ्या गाठी किंवा पडू लागलेले खड्डे दिसले तर घरी वाट पाहू नये. खड्डा एकदा पडला की तो क्रीमने भरत नाही. अशा वेळी डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके साधारण तीन-चार महिन्यांपुरती दिली जातात. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत व्रण होतो. गंभीर मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे, परंतु गरोदरपणात ते गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करते, त्यामुळे मुलींना देताना डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यांनी आईवडिलांनी अवघडून जाऊ नये. ते प्रश्न विचारलेच पाहिजेत. मुरमांबरोबर मुलीची पाळी फार अनियमित असेल आणि हनुवटीवर जाड केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांच्या विकाराची, तपासणीही करून घ्यावी.

भारतीय त्वचेत मुरूम गेल्यावर तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात आणि मुलांना मुरमापेक्षा त्यांचेच जास्त वाईट वाटते. हे डाग म्हणजे व्रण नव्हेत, ते हळूहळू फिके होतात, पण ऊन लागले की गडद होतात. सकाळी शाळेला किंवा क्लासला जाताना जेलसारखे सनस्क्रीन लावणे हा त्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लग्नसमारंभात एखादी काकू मुलीची हनुवटी उचलून “अगं, काही लावत का नाहीस?” असे विचारते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आईने विषय बदलावा, मुलीला रात्री झोप न येण्यासाठी तेवढा प्रश्न पुरेसा असतो. मूल फोटो टाळू लागले, क्लास बुडवू लागले, घरात येणाऱ्यांसमोर येईनासे झाले, तर मुरूम कितीही थोडे असले तरी त्यांच्यावर डॉक्टरांकडून उपचार सुरू करावेत आणि त्याच्या मनाचीही विचारपूस करावी. त्वचारोगतज्ज्ञ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही असतात. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, फेसवॉश आणि डोक्याचे तेलसुद्धा एका पिशवीत घालून न्यावे. संपलेल्या ट्यूबही न्याव्यात, आणि मुलाने गुपचूप दप्तरात ठेवलेली असेल तर तीही, न रागावता मागून घ्यावी.